टोलनाके बंद करा म्हणता, मग रस्त्याला पैसा कुठून आणायचा?

घाटवाट (धाग्याची सुरुवात)

परवा एका लग्नाच्या पंगतीत टोलचा विषय निघाला. 'सगळे नाके बंद झाले पाहिजेत' यावर आमच्या रांगेत एकाचंही दुमत नव्हतं. मी विचारलं, मग रस्ते कशातून होणार? 'सरकार करेल की,' एवढं उत्तर मिळालं आणि विषय तिथेच संपला. ते उत्तर मला अजून सलतंय, म्हणून हा धागा.

सरकार करेल म्हणजे कशातून करेल? राज्याकडे वाटा मोजक्याच आहेत. पेट्रोल-डिझेलवरचा मूल्यवर्धित कर, गाडी घेताना भरायचा एकरकमी वाहनकर, टोल, आणि कर्ज. कर्जही शेवटी पहिल्या तिघांतूनच फिटतं. जीएसटी आल्यापासून राज्याने स्वतःच्या मनाने दर ठरवावा असे मोठे कर फार उरलेले नाहीत, त्यामुळे इंधनावरचा कर कुठलंच सरकार सहजी सोडत नाही.

माझं म्हणणं, या सगळ्यांत टोल सर्वांत सरळ आहे. जो रस्ता वापरतो तो भरतो आणि कशासाठी भरतो ते त्याला माहीत असतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आठवा. 94.5 किलोमीटर, 2002 मध्ये पूर्ण सुरू झाला. 1996 मध्ये स्थापन झालेल्या रस्ते विकास महामंडळाने कर्ज काढून बांधला आणि 2004 मध्ये 15 वर्षांच्या टोलवसुलीचा हक्क 918 कोटींना देऊन पैसा उभा केला. तेवढी रक्कम अर्थसंकल्पातून निघायची वाट बघत बसलो असतो तर खंडाळ्याच्या घाटात अजून ट्रकमागे रांगेत असतो.

आणि टोलमाफी फुकट नसते. 2015 मध्ये 12 नाके बंद केले आणि आणखी 53 नाक्यांवर छोट्या गाड्या आणि एसटीला सूट दिली. 14 ऑक्टोबर 2024 च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलकी वाहनं मोफत झाली. कंपन्यांशी करार झालेले असतात, त्यामुळे बुडालेली वसुली सरकार भरून देतं. म्हणजे मुलुंडच्या नाक्यावर माझे 45 रुपये वाचले, ते भामरागडच्या माणसाने पंपासाठी घेतलेल्या डिझेलच्या करातूनही गेले. हा न्याय मला पटत नाही.

खडीकरण

घाटवाट, तुमचं सगळं म्हणणं द्रुतगती मार्गाच्या काचेतून दिसणारं आहे. आमच्याकडे या.

माझ्या गावाचा रस्ता सरकारी कागदावर 'इतर जिल्हा मार्ग' आहे. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग अशी उतरंड आहे, आणि शेवटचे दोन जिल्हा परिषदेच्या गळ्यात. तालुक्यापर्यंत 11 किलोमीटर. त्यातले 4 किलोमीटर डांबर साफ गेलंय, खालची खडी वर आलीय. साईडपट्टीला मुरूम नाही, त्यामुळे समोरून ट्रॅक्टर आला की मोटारसायकल उतरवायची कुठे हा रोजचा प्रश्न. गेल्या पावसाळ्यात मोरी खचली तेव्हा गावानेच दगड टाकले.

या रस्त्यावर टोल कधीच लागणार नाही, कारण वसूल होईल एवढी वाहनंच नाहीत. टोलचा पैसा वाहतूक असेल तिथेच जातो. त्याच्या भरवशावर मिळणारं कर्जही तिथेच जातं. म्हणून 'वापरेल तो भरेल' हे तत्त्व दिसायला सरळ असलं तरी राज्यातले बहुतेक रस्ते त्याच्या बाहेरच राहतात.

पण कर मी भरतोच. पेट्रोलवर राज्याचा 25 टक्के कर, आणि वर लिटरमागे 5 रुपये 12 पैसे. पेट्रोल 103-104 रुपये असतं तेव्हा त्यातले जवळजवळ 25 रुपये राज्याचे होतात. माझ्या मोटारसायकलच्या टाकीत टोलनाका बसवलेलाच आहे, फक्त त्याचा रस्ता मला मिळत नाही. तो पैसा सगळ्या जमेत मिसळतो आणि पुढे कुठे जातो ते कळत नाही.

त्या कराचा इतिहासही बघा. 2015 मध्ये दुष्काळासाठी म्हणून इंधनावर लिटरला 2 रुपये लावले. एप्रिल 2017 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतची दारूची दुकानं बंद झाली, महसूल घटला, तर पेट्रोलवरचा अधिभार आणखी 3 रुपयांनी वाढवला. दारूतून बुडालेला पैसा पेट्रोल भरणाऱ्याने का द्यायचा, आणि रस्त्याला त्यातलं काय मिळालं? माझी मागणी एवढीच की इंधनावरच्या राज्याच्या करातला ठरावीक हिस्सा कायद्याने रस्तेनिधीत जावा, आणि त्यातलाही मोठा वाटा जिल्हा परिषदेच्या रस्त्यांना मिळावा. तेवढं करा, मग टोल खुशाल ठेवा.

जमाबाकी

नोकरीची सगळी वर्षं सरकारी हिशेबात गेली, म्हणून खडीकरण यांच्या मागणीबद्दल थोडं सविस्तर लिहितो. भावना समजते, उपाय पटत नाही.

राखीव निधीची कल्पना आपल्याकडे शंभर वर्षांची आहे. 1927 मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसाठी समिती नेमली गेली. (तेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले.) पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवा, अशी त्या समितीची शिफारस. त्यातून 1929 मध्ये गॅलनला दोन आण्यांवर मध्यवर्ती रस्तेनिधी उभा राहिला. केंद्रात तो आजही आहे. 2000 मध्ये त्याला नवा कायदा मिळाला, आणि 2018 मध्ये नावात 'पायाभूत सुविधा' हे शब्द आले. शब्द आले तशी खर्चाची कामंही वाढली. निधीवर 'रस्ते' लिहिलं म्हणून तो कायम रस्त्यांचाच राहतो असं नाही.

राज्यातलं उदाहरण तुमच्या पगारपत्रकावर आहे. व्यवसाय कर, दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. तो 1975 मध्ये रोजगार हमी योजनेसाठी सुरू झाला. त्या निधीत जेवढा कर गोळा होईल तेवढीच रक्कम राज्यानेही घालायची, अशी तरतूद होती. कल्पना उत्तम होती आणि दुष्काळात तिने माणसं जगवली. पण आज किती जणांना ठाऊक आहे की हा कर त्यासाठी होता? योजना बदलत गेली, कापणी मात्र चालू राहिली.

दुसरं म्हणजे सरकारचा सगळा महसूल आधी राज्याच्या एकत्रित निधीत येतो आणि विधिमंडळाच्या मंजुरीनेच बाहेर जातो. रस्त्याचा, सिंचनाचा, शाळेचा असे वेगवेगळे गल्ले केले, तर अवकाळीने पिकं झोपली त्या वर्षी अर्थमंत्र्याच्या हातात काय उरेल? राखीव निधी हे पुढच्या प्रत्येक विधानसभेचे हात आज बांधून ठेवणं आहे.

केंद्राचाही हात इथे आहे. पेट्रोलवरच्या केंद्रीय करातला मूळ उत्पादन शुल्काचा भाग तेवढाच राज्यांशी वाटून घ्यावा लागतो. 2021 पासून तो लिटरला फक्त 1 रुपया 40 पैसे आहे. बाकीचं सगळं उपकर आणि अधिभार, त्यात राज्यांचा वाटा नाही. राज्य स्वतःच्या 25 टक्क्यांना इतकं चिकटून बसतं, त्याचं एक कारण हे आहे.

पंचगंगेकाठी

घाटवाट, टोल सरळ असतो असं तुम्ही म्हणता. आम्ही कोल्हापूरकरांनी तो सरळपणा भोगलाय.

शहरातल्याच सुमारे 49 किलोमीटर रस्त्यांचं काम खाजगी कंपनीकडून करून घेतलं आणि शहराच्या वेशीवर नाके उभे केले. पलीकडच्या गावातून दूध घेऊन येणाऱ्यालाही टोल, पोराला शाळेत सोडणाऱ्यालाही टोल. टोल न देता जायला दुसरा रस्ताच नव्हता. प्रा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे ही माणसं उतारवयात रस्त्यावर उतरली, सगळे पक्ष एका मांडवाखाली आले, आणि 'टोल देणार नाही' हे घराघरांतलं वाक्य झालं. सरकारला शेवटी तो टोल रद्द करून कंपनीचे पैसे चुकते करावे लागले.

आमचा राग पैशापेक्षा कराराचा होता. कर वाढवला तर विधानसभेत बोलता येतं आणि मत देताना हिशेब चुकता करता येतो. टोलचा करार एकदा झाला की पुढची तीस वर्षं निवडून येणारा प्रत्येक जण 'करार झालेला आहे' म्हणून हात वर करतो. त्या करारात वाहनसंख्या किती धरली, व्याज किती धरलं, हे सामान्य माणसाला कुणी सांगत नाही.

तुमच्या द्रुतगती मार्गाचंच घ्या. पहिली 15 वर्षं 2019 मध्ये संपली. टोल संपला का? 2020 पासून पुढच्या दहा वर्षांचे हक्क 8,262 कोटींना दिले, आणि वसुली 2045 पर्यंत चालणार आहे. दर तीन वर्षांनी 18 टक्के वाढ. 1 एप्रिल 2023 ला कारचे 270 चे 320 झाले. बांधणीचा खर्च वसूल होईपर्यंत टोल, असं आम्हाला सांगितलं होतं.

घाटवाट

पंचगंगेकाठी, कोल्हापूरच्या बाबतीत मी तुमच्याशी भांडणार नाही. गावातल्या गावात टोल लावणं चूकच होतं. पर्यायी रस्ता नसेल तिथे टोल नको, हे मला मान्य आहे.

पण 2045 बद्दल थोडं वेगळं सांगतो. हक्क पुन्हा विकल्याने महामंडळाच्या हाती मोठी रक्कम आली आणि नव्या कामांना बळ मिळालं. जास्त वर्दळीच्या रस्त्याने दुसऱ्या रस्त्याचा भार उचलला तर त्यात वाईट काय? खडीकरण यांची तक्रार हीच होती ना, की टोलचा पैसा वर्दळीच्या जागेबाहेर जात नाही?

पंचगंगेकाठी

मग तसं सांगून घ्या की. 'हा रस्ता फिटला, आता दुसऱ्यासाठी देताय,' असं नाक्यावर लिहा. न सांगता घेतलेले पैसे चांगल्या कामाला लागले म्हणून घेण्याची रीत चांगली ठरत नाही.

दहाचाकी

माझे दोन ट्रक आहेत, म्हणून या चर्चेत आमचीही बाजू यायला हवी.

2015 मध्ये सूट कुणाला? छोट्या गाड्यांना. 2024 मध्ये मुंबईत कुणाला? छोट्या गाड्यांना. मतं कारमध्ये बसतात, ट्रकमध्ये कांदा बसतो. आम्ही डिझेलवर 21 टक्के कर भरतो, प्रत्येक नाक्यावर टोल भरतो, वाहनकर आहेच. नाशिकहून वाशीला माल पोचवताना घरातून निघतानाच फास्टॅगमध्ये किती शिल्लक आहे ते बघावं लागतं, कारण 1 एप्रिल 2025 पासून राज्याच्या नाक्यांवर फास्टॅग नसेल तर दुप्पट. सहा महिन्यांपूर्वी एका नाक्यावर माझा टॅग वाचला गेला नाही. ड्रायव्हरने रोख दुप्पट भरले आणि दोन तासांनी टॅगमधूनही कापले गेले. परत मिळवायला सतरा फोन. तिथल्या माणसाशी भांडण नाही माझं, पण पावती हातात असूनही पैसे आपलेच अडकतात.

दोन_मोऱ्या

दहाचाकी, तुमचा त्रास खरा आहे. पण ट्रकने जास्त भरावं याला कारण आहे. मी रस्त्यांच्या कामावर अभियंता होतो. रस्ता कारने झिजत नाही, अवजड अ‍ॅक्सलने झिजतो, आणि ती झीज भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट केला की झीज सुमारे सोळापट. गाडी क्षमतेपेक्षा जादा भरली तर त्या एका फेरीने कारच्या हजारो फेऱ्यांएवढं नुकसान होतं.

दहाचाकी

जादा भरणाऱ्याला पकडा, मी तुमच्या बरोबर उभा राहतो. पासिंगएवढाच माल भरणारा मी, आणि दीडपट भरून भाडं पाडणारा दुसरा, दोघांना टोल सारखाच. वजनकाटे चालू ठेवा आणि वजनावर घ्या. ते कुणीच करत नाही.

लालपरी_रोजची

मी रोज एसटीने जाते, जाऊनयेऊन 60 किलोमीटर. इथे कारवाले, ट्रकवाले, गावचे रस्ते, सगळे बोलले. बसमधल्या माणसाचा विषय अजून निघाला नाही.

एसटीच्या भाड्यावर राज्य सरकार 17.5 टक्के प्रवासी कर घेतं. म्हणजे एसटी चालवायला पैसा नाही म्हणून 25 जानेवारी 2025 पासून भाडं 14.95 टक्क्यांनी वाढवलं, आणि त्या वाढलेल्या भाड्यावरही तोच कर. शिवाय एसटीच्या डिझेलवर कर आहे, आणि सूट नसेल तिथे एसटी टोलही भरते. मला मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. त्याचा मला खरंच उपयोग होतो, घरखर्चात फरक पडला. पण ती सवलतीची रक्कम सरकारने एसटीला द्यायची असते, आणि ती वेळेवर मिळाली नाही की डेपोत सुट्या भागांसाठी गाड्या उभ्या राहतात. आमची सकाळची 7.10 ची गाडी आठवड्यातून दोनदा येत नाही. थांब्यावर तीसेक बायका आणि कॉलेजच्या मुली उभ्या असतात. मग वडाप, म्हणजे भरभरून माणसं नेणारी खाजगी जीप.

आता बघा, मुंबई, पुणे, ठाणे, नागपूरमध्ये घर घेताना मुद्रांक शुल्कावर 1 टक्का मेट्रो अधिभार लागतो. मेट्रोसाठी जमिनीच्या व्यवहारातून पैसा उभा करता येतो, मग एसटीसाठी एकही कर का नाही? उलट तिच्याकडूनच कर घेतला जातो. 'वापरेल तो भरेल' म्हणता ना घाटवाट, तर एका बसमध्ये आम्ही 44 जण बसतो आणि दोन कारएवढी जागा घेतो. त्या हिशेबाने रस्त्याने आम्हालाच काही देणं लागायला हवं.

जमाबाकी

ताई, प्रवासी कराचा मुद्दा बिनतोड आहे. एका हाताने घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने अनुदान द्यायचं, हा हिशेबाच्या दृष्टीनेही वाईट प्रकार आहे, कारण खरा तोटा किती ते कळत नाही.

विजेरी

मध्येच एक. इंधनावरच्या करावर सगळा डोलारा उभा करायचा विचार असेल तर पुढचं बघून करा. विजेवरच्या गाड्या पेट्रोल भरत नाहीत, त्यांना वाहनकरात सूट आहे, आणि 2025 च्या धोरणाने द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलही माफ आहे. मी स्वतः अशी गाडी चालवतो. सूट मला हवीशी वाटते, पण मी रस्ता वापरतो आणि त्यासाठी जवळपास काहीच भरत नाही हेही खरं. गाडी किती किलोमीटर चालली आणि किती जड आहे यावर कर, याकडे कधीतरी यावंच लागेल.

खडीकरण

जमाबाकी साहेब, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. हात बांधले जातील म्हणता, पण मोकळ्या हातांनी काय होतं तेही सांगतो.

माझा चुलतभाऊ छोटा कंत्राटदार आहे, 30-40 लाखांची कामं घेतो. एका रस्त्याचं डांबरीकरण त्याने दोन वर्षांपूर्वी पुरं केलं. मोजमापं झाली, मापनपुस्तकात नोंद झाली, देयक सादर झालं. कार्यालयात विचारलं की एकच उत्तर, 'निधी नाही.' नंतर कळलं की त्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या त्या खर्चाच्या खात्यात) जेवढी तरतूद होती त्याच्या कित्येक पट कामांना प्रशासकीय मान्यता दिलेली होती. प्रत्येक आमदाराला नारळ फोडायचा असतो. डांबराचे पैसे त्याने सावकाराकडून उचललेत. मार्चअखेरीला थोडं थोडं येतं, व्याजातच जातं. आता तो पुढचं काम कसं करणार? कारपेट, म्हणजे डांबराचा वरचा थर, पातळ करून. त्याच पातळ डांबरावरून मी जातो.

आणि त्याच राज्यात 24 जून 2025 ला मंत्रिमंडळाने 802 किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गासाठी 20,787 कोटींना मान्यता दिली. माझा महामार्गाला विरोध नाही. झालेल्या कामाचे पैसे आधी द्या, एवढंच म्हणतो. निधी राखीव असता तर तरतुदीबाहेर मान्यता देताच आली नसती.

जमाबाकी

हा मुद्दा मला हलवून गेला. पण त्यावर इलाज निधी नाही, मर्यादा आहे. तरतुदीच्या ठरावीक पटीपलीकडे कामं मंजूर करायची नाहीत आणि थकीत देयकं पहिल्यांदा, असा नियम काटेकोर पाळला तर निधी नसतानाही तुमच्या भावाचं बिल निघेल. निधी असला आणि हा नियम नसला, तर राखीव निधीचीही तीच गत होईल.

खडीकरण

नियम आजही असतीलच. पाळत नाहीत, म्हणून तर कायदा मागतोय.

घाटवाट

आकडेमोड करून पाहिली. कारने समृद्धीवरून नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर, टोल 1,445 रुपये. लिटरला 15 किलोमीटर धरले तर 47 लिटर पेट्रोल, म्हणजे राज्याचा कर साधारण 1,150 ते 1,200. मी समजत होतो की रस्त्याचे पैसे टोलमधून जातात. प्रत्यक्षात टोलएवढाच जवळजवळ दुसरा टोल पेट्रोलमधून जातोय, आणि त्याचा रस्त्याशी संबंध आहे असं कुणी म्हणतही नाही. खडीकरण, तुमच्या टाकीतल्या नाक्याचं म्हणणं इथे पटलं.

टोलच्या बाजूने मी अजूनही आहे, पण तीन गोष्टी बदलून. पर्यायी रस्ता नसेल तिथे नाही. करार झाला की तो सगळ्यांना वाचता यावा. आणि नाक्यावर रोज एक फलक: रस्त्याला किती लागले, आजवर किती जमले, पुढचे पैसे कशासाठी. इंधनकरातल्या हिश्श्याबद्दल जमाबाकींची भीती मला खरी वाटते, तरी जिल्हा परिषदेच्या रस्त्यांपुरता निधी करून बघावा असं आता वाटतंय.

पंचगंगेकाठी

फलकावर टोल संपायची तारीखही हवी. आणि ती तारीख विधानसभेत चर्चा झाल्याशिवाय पुढे ढकलता येऊ नये.

लालपरी_रोजची

त्याच फलकावर एसटीने त्या नाक्यावर किती भरले तोही आकडा टाका. आणि त्याच महिन्यात किती फेऱ्या रद्द झाल्या तो शेजारी.